पुढच्या पंधरवड्यात

९ फेब्रुवारी

दादा,

"तुझ्या पत्रात आईचा गुडघा, भिंतीची ओल आणि मांजर सोडून काही नसतं, जरा स्वतःबद्दल लिही," असं खडसावलंस, म्हणून आज फक्त स्वतःबद्दल लिहिते. आईचा गुडघा तसाच आहे, एवढं सांगून तो विषय मिटवते.

मला बढती मिळाली. एका सरकारी खात्याचं मोठं काम आमच्या कंपनीकडे आलंय आणि त्याची प्रमुख मी आहे. कोणतं खातं ते राहू दे. तारखांचा हिशेब करणारी एक सिस्टीम आहे, एवढं समज. हे काम आधी दुसऱ्या कंपनीकडे होतं. त्यांनी ते जुन्या पद्धतीनं केलं. आधी सगळ्यांना विचारायचं, सगळं लिहून काढायचं, त्यावर सह्या घ्यायच्या, मग आराखडा, मग प्रोग्रॅम, मग तपासणी, आणि ज्याला ते वापरायचंय त्याच्या हातात अगदी शेवटी. तीन वर्षं गेली. कागदांचा गठ्ठा उशाला घेऊन झोपता येईल एवढा झाला आणि मध्येच हिशेबाचा कायदा बदलला. सगळं मुसळ केरात. तो गठ्ठा आता आमच्या ऑफिसात आहे. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मी तो खाली लावून ठेवलाय.

आम्ही अ‍ॅजाइल पद्धतीनं करतो. पंधरा दिवसांत पुरा होईल एवढाच तुकडा घ्यायचा, त्याला स्प्रिंट म्हणतात. तो बनवायचा, वापरणाऱ्याला दाखवायचा, तो म्हणेल तसा बदलायचा, मग पुढचा. रोज सकाळी आम्ही सगळे उभ्यानं भेटतो, कारण बसलं की बोलणं लांबतं. पुढचा तुकडा कोणता घ्यायचा हे मी आणि खात्याचे एक अधिकारी मिळून ठरवतो. ते सारखे मनगटाकडे बघत बोलतात, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना घड्याळसाहेब म्हणतो.

भेटीला यायचं मनात आहे, पण सध्या सुट्टीचं नाव काढायची सोय नाही. रागावू नकोस.

तुझी
ठकू


२२ फेब्रुवारी

ठकू,

बढतीचं वाचून बरं वाटलं. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांनाही वाचून दाखवलं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. बाहेर त्यांचं दुकान होतं. भागीदाराशी भांडण झालं तेव्हा हातात तापलेली इस्त्री होती. पुढे जामिनावर असताना कोर्टाच्या तारखेला गेले नाहीत, त्याची वेगळी शिक्षा लागली. म्हणजे माझ्यासारख्याच दोन शिक्षा. इथल्या शिवणखात्यात आम्ही शेजारी बसतो. त्यांच्या हाताखाली मी काजं करायला शिकलो. पहिले तीन महिने ती काजं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायची, हे त्यांचंच मत.

तुझी पद्धत ऐकून मास्तर म्हणाले की असा कोट त्यांनी कधी शिवला नाही. आज एक बाही, खिसा पुढच्या वेळी, आणि गिऱ्हाईक तो अंगात घालून गावभर फिरतंय. मी म्हटलं, मास्तर, आमच्या ठकूच्या गिऱ्हाइकाला बहुतेक थंडी वाजत असणार, तेवढ्यापुरती एक बाही तरी मिळते.

तू मला जुन्या पद्धतीचा माणूस धरून चालतेस. मी इथे कशामुळे आहे ते आठव. माझ्याकडे आराखडा पूर्ण होता, पानापानावर सही. खोदायला घेतलं तर पूर्वेकडची जमीन आराखड्यातल्यासारखी निघाली नाही, सगळा भुसभुशीत भराव. मी वर कळवलं. उत्तर आलं, मंजूर आराखड्याप्रमाणेच काम करा. मी केलं. भिंत पडली तेव्हा तिच्या सावलीत तिघं जण डबा खायला बसले होते. तेव्हा सगळं आधी लिहून ठेवलं की माणूस सुरक्षित होतो, असं मला कोणी सांगू नये.

पण तुझंही मला पुरतं पटत नाही. काँक्रीट बदलता येत नाही, सॉफ्टवेअर बदलता येतं, हे तू लग्नाच्या आधीपासून सांगत आलीस. कबूल. मात्र अर्ध्या झालेल्या घरात माणसं राहायला आणायची असतील, तर जिना नसलेल्या मजल्यावर कोण राहतंय ते आधी बघून घे. ते पंधरा दिवस तू काम करतेस. तो तिथे राहत असतो.

दादा


१० मार्च

दादा,

मास्तरांना सांग, कोटाचं उदाहरण मी सकाळच्या बैठकीत सांगितलं आणि सगळे हसले. एका शिंप्यानं सांगितलं असं म्हटलं. कुठला ते नाही सांगितलं.

पहिला भाग सुरू झाला. निवडक ठिकाणी आधी, मग सगळीकडे. मी स्वतः दोन ठिकाणी जाऊन वापरणाऱ्यांच्या शेजारी बसले. एकानं सांगितलं की अक्षर बारीक आहे, आम्ही मोठं केलं. दुसऱ्यानं सांगितलं की तारीख आणि नाव दूर दूर आहेत, चुकून खालच्या ओळीची तारीख वाचली जाते. तेही पुढच्या तुकड्यात बदललं. जुन्या पद्धतीत हे त्या माणसाला तीन वर्षांनी कळलं असतं आणि बदलायला आणखी एक वर्ष. तुला वाटतं की अर्धवट गोष्ट देणं धोक्याचं. काहीच न देणंही धोक्याचं असतं, दादा, फक्त ते कोणाच्या नावावर लागत नाही. ती तीन वर्षं माणसं जुन्याच हिशेबावर चालली होती. त्यांचं काय झालं, कोणी विचारलं नाही.

सोपे हिशेब आधी घेतलेत. बहुतेक सगळे त्यातच बसतात. काही किचकट प्रकार आहेत, ते मागून घेऊ. तोवर त्यांच्यापुढे तारखेची चौकट पिवळी आणि रिकामी दिसते. चुकीची तारीख दाखवण्यापेक्षा रिकामी बरी, हा माझाच आग्रह होता.

आई तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेणार होती. आत लोकर चालते का ते विचारून कळव.

ठकू


३० मार्च

ठकू,

लोकर चालत नाही. आईला सांगू नकोस, विणू दे.

हे पत्र जरा जपून लिहितोय. येणारी पत्रं इथे उघडून आत काही वस्तू नाही ना एवढं बघतात. जाणारी मात्र वाचतात. वाचणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार.

इथल्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले. आमच्या कारकुनाचं आयुष्य त्यामुळे पार बदललं. भला माणूस आहे, पण वरून कागद आला की घाबरतो. कोणाची सुटका कधी, हे पूर्वी तो मोठ्या नोंदवहीत बघून सांगायचा. त्या नोंदवह्या स्कॅन करायच्या म्हणून मुख्यालयात गेल्या. आता तो पडद्यावर बघतो. दर पंधरा दिवसांनी पडदा थोडा वेगळा दिसतो आणि तो दोन दिवस चाचपडतो. अक्षर मोठं आहे, ते छान झालं.

मास्तर आणि मी विचारायला गेलो होतो. त्यांच्या स्वतःच्या मोजणीनं त्यांची तारीख एप्रिलच्या शेवटी येते. पडद्यावर त्यांच्या नावापुढे पिवळी रिकामी चौकट आहे. माझ्याही. दोन शिक्षा असलेल्या सगळ्यांच्याच. कारकून म्हणाला, पुढच्या पंधरवड्यात येईल.

पाहणीला वरचे एक साहेब येऊन गेले. बोलताना सारखे मनगटाकडे बघत होते. मला तुझी आठवण झाली. जास्त लिहीत नाही.

दादा


६ एप्रिल

दादा,

तू ओळखलंस ते बरोबर आहे. पत्रात पुन्हा त्याचा उल्लेख करू नकोस, पाया पडते.

काम घेतानाच एक कागद भरून द्यायचा होता. आपलं कोणी नात्यातलं आत असेल तर सांगायचं आणि या कामातून बाजूला व्हायचं. मी "कोणी नाही" लिहिलं. ऑफिसात सगळ्यांना वाटतं माझा भाऊ परदेशात साइटवर असतो. ते मी बढतीसाठी नाही सांगितलं, पहिल्या दिवशीच, डबा खाताना कोणीतरी विचारलं तेव्हा सांगितलं. मग ते तसंच चालू राहिलं. भेटीला का येत नाही तेही तुला आता कळलं असेल. दारावर नाव आणि नातं लिहून घेतात.

चौकटीबद्दल ऐक. पिवळी चौकट म्हणजे तारीख नाही असं नव्हे. त्याचा अर्थ, या माणसाचा हिशेब हातानं करा. तसं परिपत्रक सगळीकडे गेलंय. दोन शिक्षांचा हिशेब किचकट आहे. दोन्ही एकदम चालू झाल्या की एकामागून एक, निकालाआधी आत काढलेले दिवस कशात धरायचे, असे पुष्कळ फाटे आहेत. तो तुकडा आमच्या यादीत आहे. लवकरच घेऊ. मास्तरांना सांग, कारकुनाला हातानं हिशेब करायला लावा.

ठकू


२ मे

ठकू,

हे पत्र सुटून बाहेर जाणाऱ्या एकाच्या हाती पाठवतोय, म्हणून मोकळं लिहितो. परिपत्रक कारकुनानं मला दाखवलं. त्यात लिहिलंय, पिवळ्या चौकटीच्या बाबतीत प्रचलित पद्धतीने कार्यवाही करावी. मी त्याला म्हटलं, याचा अर्थ हातानं हिशेब करा. तो म्हणाला, कशावरून करू, नोंदवह्या मुख्यालयात. आणि हातानं काढलेल्या तारखेवर माणूस सोडला आणि उद्या पडद्यावर वेगळी तारीख आली, तर माझी नोकरी जाईल. उशीर झाला तर कोणाची नोकरी जात नाही. हे त्यानं रागानं सांगितलं नाही. त्यानं मला खुर्ची दिली होती.

मास्तरांची तारीख त्यांच्या मोजणीनं होऊन गेली. त्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, गादी गुंडाळली, कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि दारापाशी जाऊन बसले. दुपारी मी त्यांना जेवायला उठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. आता गाठोडं सोडत नाहीत, त्यातूनच रोजचा शर्ट काढतात आणि पुन्हा बांधतात. आता आम्ही सगळेच एकमेकांना म्हणतो, पुढच्या पंधरवड्यात. डाळ पातळ आहे, पुढच्या पंधरवड्यात घट्ट होईल. मास्तरही हसायचे. हल्ली हसत नाहीत, जिने चढताना त्यांना मध्ये थांबावं लागतं.

तू म्हणायचीस, तुझ्या पद्धतीचा मोठा गुण हा की वापरणारा काय म्हणतो ते पंधरा दिवसांत कामात उतरतं. वापरणारा कोण, ठकू? कारकुनाला अक्षर मोठं हवं होतं, ते झालं. मास्तरांना तुमच्या त्या उभ्या बैठकीत कोण बोलावणार?

ज्याच्या कानावर घालायचं त्याच्या घाल. नाव घालायची गरज नाही. एवढंच सांग की अशी माणसं आहेत.

दादा


१९ मे

दादा,

घातलं कानावर. बैठकीत विषय काढला. पण या महिन्यात मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन आहे आणि त्यांना एका पडद्यावर सगळी आकडेवारी रंगीत तक्त्यात हवीय. घड्याळसाहेब म्हणाले, आधी तो तक्ता. दोन शिक्षांची माणसं एकूणात फार थोडी आहेत, त्यांच्यासाठी एवढा वेळ आत्ता घालता येणार नाही. माझा नाइलाज झाला. जूनमध्ये नक्की घेऊ, यादीत वर आणून ठेवलंय.

मास्तरांना डॉक्टरकडे न्यायला सांग. धाप लागते, त्याकडे दुर्लक्ष करायचं नाही.

तू रागावला आहेस हे पत्रावरून कळतं. रोज सकाळी त्या बैठकीत उभी असताना मला तुझी खाट आणि शेजारची खाट दिसते. मी न पाहिलेल्या खाटा. जुन्या पद्धतीनं केलं असतं तर अजून एकही माणूस या सिस्टीमवर सुटला नसता, हे मी स्वतःला सांगत असते. ते खोटं नाही. या अडीच महिन्यांत कितीतरी जण वेळेवर बाहेर पडले, त्यातल्या कोणी पत्र लिहून कळवलं नाही एवढंच.

ठकू


१६ जून

ठकू,

मास्तर गेले.

मंगळवारी सकाळी हजेरीला उभे होते. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी हो म्हटलं, मग माझा खांदा धरला आणि खाली बसले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. घाम एवढा आला होता की माझी विजार भिजली. डॉक्टर आले, गाडी बोलावली. गाडीत बंदोबस्ताला माणूस हवा, तो जागेवर नव्हता. तो येईपर्यंत गाडी दारात उभी. इस्पितळात पोचायच्या आधीच गेले, असं दुपारी कळलं.

त्यांची मुलगी येऊन गाठोडं घेऊन गेली. मला भेटू दिलं नाही. ऑफिसात बसली होती, तेव्हा खिडकीतून पाहिली. मधल्या वयाची, अंगात ऑफिसचे कपडे, पायात घाईत घातलेल्या घरातल्या चपला.

जून महिना अर्धा झाला. चौकट अजून पिवळीच आहे. आमच्या कारकुनानं ती पाहिली आणि मला विचारलं, आता यांचं नाव यादीतून कसं काढायचं, कारण सुटका दाखवायला तारीख लागते. तो रडत होता, ठकू.

तुझ्या पद्धतीबद्दल मी आजवर चेष्टेनं लिहीत आलो. आज चेष्टा नाही. जे काम माणसाच्या आयुष्याचं आहे ते तुकड्यातुकड्यानं हातात द्यायचं नसतं. आधी सगळं करायचं, मग दार उघडायचं. माझी भिंत पडली तरी मी हे लिहितोय.

दादा


२७ जुलै

दादा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण खरं लिहायचं होतं आणि ते आधी दुसरीकडे सांगायचं होतं.

मास्तरांची बातमी वर्तमानपत्रात आली, मग चौकशी बसली. दोन दिवस चालली. एका लांब टेबलाच्या एका बाजूला खात्याची माणसं, दुसऱ्या बाजूला आम्ही. पहिला सगळा दिवस पद्धतीवर वाद झाला. एक जण म्हणाला, पूर्ण तयार नसलेली सिस्टीम लावलीच कशी. आमचे साहेब म्हणाले, पूर्ण तयार होण्याची वाट बघितली तेव्हा तीन वर्षं पाण्यात गेली. कोणीतरी फळ्यावर दोन रकाने आखले, अ‍ॅजाइल एकीकडे, जुनी पद्धत दुसरीकडे, आणि फायदे-तोटे लिहायला लागले. दोन्ही रकाने भरले. दादा, सगळे मुद्दे बरोबर होते. त्यातले निम्मे तू मला लिहिले होतेस आणि निम्मे मी तुला.

दुसऱ्या दिवशी घड्याळसाहेबांना विचारलं, हा प्रकार मागे का राहिला. ते म्हणाले, तो महत्त्वाचा आहे असं मला कोणी सांगितलं नाही. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, बाईंनी हा विषय कधीच काढला नाही.

ते खरं बोलले. मी तुला लिहिलं की बैठकीत विषय काढला. नव्हता काढला. मेमध्ये तीन वेळा ते वाक्य ओठावर आलं. दोन शिक्षांची माणसं म्हटलं की कोणीतरी विचारेल, तुम्हाला कसं माहीत आत काय चाललंय, अशी कोणती माणसं आहेत. मग यादी उघडेल आणि यादीत आपलं माहेरचं आडनाव दिसेल. आणि दुसरंही एक होतं. तुझ्याच प्रकाराचं काम मी पुढे ढकललं, म्हणजे भावासाठी केलं असं उद्या कोणी म्हणणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. मला ते प्रामाणिकपणाचं वाटलं. तक्ता आधी घ्या असं घड्याळसाहेबांनी मला सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं, आता काय घ्यायचं, आणि तक्ता मी सुचवला.

तू पद्धतीला दोष दिलास. देऊ नकोस. त्या पद्धतीत एक वाक्य पुरलं असतं. पंधरा दिवसांत चौकट भरली असती.

मी उभी राहिले आणि माझा भाऊ आत आहे, दोन शिक्षा आहेत, मला मार्चपासून सगळं माहीत होतं, असं सांगितलं. आणि दादा, मला त्यांच्या चेहऱ्यांवर सुटकेचा भाव दिसला. दोष ठेवायला जागा मिळाली. फळा पुसला. मला कामावरून काढलं. पण खातं घाबरलंय, म्हणून सिस्टीम थांबवली आणि नवा हुकूम काढला. आता आधी सगळे प्रकार लिहून, तपासून, सह्या होऊन पूर्ण आराखडा, आणि मगच पुढे. जे वेळेवर सुटत होते तेही आता अडकले. तू लिहिलंस तसंच झालं, आधी सगळं करायचं, मग दार उघडायचं. तुला हे हवं होतं असं मी म्हणत नाही.

आता मला दारावर नातं लिहायला कसलीच भीती नाही. पुढच्या भेटीच्या दिवशी येऊ का? तू हो म्हटल्याशिवाय येणार नाही.

ठकू


१२ ऑगस्ट

ठकू,

पत्र दोनदा वाचलं आणि पाच दिवस उत्तर लिहिलं नाही. शिव्या लिहिल्या असत्या तर वाचणाऱ्या साहेबांनी खोडल्या असत्या, म्हणून थांबलो.

नोंदवह्या परत आल्या. कारकुनाच्या खोलीत छतापर्यंत लागल्यात. त्याला मदतीला दोन माणसं दिलीत आणि तिघं मिळून हातानं हिशेब करतात, पण प्रत्येक तारीख वर तपासायला जाते आणि तिकडून लवकर येत नाही. माझा कागद वेगळा काढून ठेवलाय. माझी बहीण त्या कामावर होती म्हणून माझा हिशेब वेगळी माणसं बघणार, ती अजून नेमायची आहेत. हे तुला टोचायला लिहीत नाही. तू विचारणारच, म्हणून सांगतो.

मास्तरांच्या खाटेवर नवा माणूस आलाय. त्याच्याही दोन शिक्षा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, इथे तारखेचं कसं असतं. मी म्हटलं, झोप आता.

तू बोलली नाहीस, ते मला कळतं. मीही वर एकदा कळवलं होतं आणि उत्तर आल्यावर गप्प बसलो होतो. भिंत पडेपर्यंत रोज त्या भिंतीसमोरून जात होतो. तेव्हा मी तुला माफ करायचं की नाही हा प्रश्न माझ्याकडे नाही. मला तुझा राग येतो आणि तू लिहीत राहावंस असंही वाटतं, दोन्ही खरं.

भेटीला ये, पण आधी एक काम कर. मास्तरांच्या मुलीचं पत्र आलंय, मला नाही, ऑफिसला. तिनं एकच गोष्ट विचारली आहे, माझ्या वडिलांची सुटकेची तारीख खरोखर कोणती होती. कारकुनानं मला दाखवलं. त्याला उत्तर देता येत नाही, कारण अधिकृत तारीख वरून आल्याशिवाय सांगायची नाही, आणि मेलेल्या माणसाची तारीख काढायला कोणाला घाई आहे. तुला तो हिशेब येतो. पत्ता कारकुनानं तिला विचारूनच दिला आहे, तो मागच्या पानावर लिहितो. तिच्याकडे जा, निकालाचे कागद बघ आणि सांग. कोण आहेस तेही सांग. लपवून जाऊ नकोस.

मग माझ्याकडे ये.

दादा


३ सप्टेंबर

दादा,

काल गेले होते.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. खिडकीपाशी वडिलांचं शिलाई मशीन, त्यावर चादर. मी दारातच सांगितलं की मी कोण, कुठे काम करत होते आणि काय केलं नाही. ती दाराला धरून उभी राहिली. मला वाटलं, लोटून देईल. मग म्हणाली, "हिशेब येतो ना? मग या."

तिनं सगळे कागद जपून ठेवलेत. दोन्ही निकाल, अटकेचा कागद, जामीन कधी झाला, कधी मोडला. आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो. मी एकेक पायरी तिला समजावून सांगितली, कारण तिला नुसतं उत्तर नको होतं. मास्तर एप्रिलचा शेवट म्हणत होते ना, त्यांनी जुन्या नियमानं मोजलं होतं, कारकुनानंही नोंदवहीत तसंच मोजलं असणार. पण मध्ये जो कायदा बदलला, त्यात निकालाआधी आत काढलेला काळ दोन्ही शिक्षांत धरायचा आहे. कायदा लागू झाला तेव्हा पहिली कंपनी आराखडा लिहीत होती. सगळ्या तुरुंगांना कळवलं होतं की नव्या नियमाचे हिशेब नवी सिस्टीम करेल, तोवर जुन्या तारखा बदलू नका. सगळे थांबले. तीन वर्षांचा तो गठ्ठा पूर्ण होण्याची वाट बघत थांबले. मग तो रद्द झाला, आम्ही आलो, आणि आम्ही हा प्रकार मागे ठेवला.

मी तीनदा करून पाहिलं. मास्तरांची तारीख गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात होती.

म्हणजे मी तुला बढतीचं पत्र लिहिलं आणि तू ते त्यांना वाचून दाखवलंस, तेव्हा ते शिक्षा भोगून मोकळे झालेले होते. तुला काजं शिकवत होते तेव्हाही. चौकशीत फळ्यावर भांडत होतो त्या दोन्ही पद्धती त्यांच्यावरून गेल्या, एक वाट बघायला लावून आणि दुसरी मागे ठेवून.

तुझा हिशेबही केला. नव्या नियमानं तुझी तारीख येत्या डिसेंबरात येते, पुढच्या वर्षी नाही. कागद वकिलांना दिले. ते म्हणाले, अर्ज करू, पण तुझं प्रकरण वेगळं ठेवलंय तोवर कोणी हात लावणार नाही. तुला खोटी आशा लावत नाही. पण त्यांच्यामागे लागणं मी सोडणार नाही.

तारीख सांगितल्यावर मास्तरांच्या मुलीनं दोन्ही निकाल पुन्हा घडी करून ठेवले. मग तिनं मला ती कागदावर लिहून खाली सही करायला सांगितलं. मी केली. तिनं कागद हातात घेतला, वाचला आणि विचारलं, "मग ऑक्टोबरनंतर बाबा तिथे कोण म्हणून होते?"

ती वाट बघत होती, दादा. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

शनिवारी भेटीला येते.

ठकू